अण्णांचा कप आधी काढायचा

तुळशीची लग्नं लागून पाचवा दिवस. उपाशीपोटी साखर २४८, जेवणानंतर ३६०, वजन साडेअठ्ठ्याहत्तर किलो. डाव्या पायाच्या अंगठ्यावर रुपयाएवढी जखम, कडेने काळपट. ओतूरच्या माझ्या खोलीत हजर माणसं तीन : येडगावचे बबनअण्णा, वय बासष्ट, त्यांच्या पत्नी ताराबाई, आणि मी. नावं बदलली आहेत. आकडे बदललेले नाहीत, ते माझ्या वहीत आहेत.

जखम नव्या चपलेने झाली होती. चप्पल घासली, फोड आला, फोड फुटला, आणि महिनाभर अण्णांनी त्यावर हळद लावली. दुखत नव्हतं म्हणून लक्ष दिलं नाही. मधुमेहात पायाला दुखणं कळेनासं होतं, तीच मोठी भीती असते. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, रोज पट्टी बांधायला सांगितलं आणि दोघांना माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं : "चार आठवडे बघतो. साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल. उशीर केला तर पाय."

मी आहारतज्ज्ञ. एकवीस वर्षं हे काम केलं. आठवड्यातले चार दिवस ओतूर, एक दिवस घोडेगाव. डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे गेले आणि आमची ती खोली मोबाईलच्या दुकानाला गेली. आता मी घरूनच काम करतो. लोक जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवतात आणि मी उत्तर लिहितो. सोय झाली हे खरं आहे. पण ताटाच्या फोटोत माणूस दिसत नाही, आणि त्या खोलीतला बाकडा मला अजून आठवतो. बाजाराच्या दिवशी त्याच्यावर पाच माणसं आणि दहा पिशव्या असायच्या. पिशवीतून डोकावणारी मेथी बघून मी माणसाच्या घरात आज काय शिजणार ते सांगायचो.

पुरुष असून स्वयंपाकाचं सांगतो, याची सुरुवातीला फार चेष्टा झाली. घोडेगावच्या एका आजींनी तर माझी परीक्षाच घेतली. "सायेब, भाकरी थापता येती का?" मी म्हणालो, येते. "बायकू काय करती मग?" बायको बँकेत आहे म्हणालो. आजी सोबतच्या सुनेला म्हणाल्या, "आईक. ह्यो मानूस खरं बोलतोय. ह्याचं आईकू."

आमच्या धंद्यातलं मुख्य हत्यार म्हणजे प्रश्न. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते माणसाकडून क्रमाने काढून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण लोक खोटं बोलत नाहीत, ते मोजत नाहीत. आपल्याकडे खाणं म्हणजे पाट-ताट घेऊन बसणं. शेंगा फोडता फोडता तोंडात टाकलेल्या मूठभर शेंगा खाण्यात येत नाहीत. देवळातला प्रसाद येत नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का हे बघताना गेलेले चार चमचे येत नाहीत. म्हणून मी उलटसुलट विचारायचो. उठल्यावर काय केलं, कुठे गेलात, तिथे कोण होतं, त्यांनी काय दिलं.

दुसरं हत्यार म्हणजे तराजू. पहिल्या वर्षी मी पुस्तकातली भाकरी धरून तक्ते लिहायचो. मग भीमाशंकरकडच्या डोंगरातून एक गरोदर बाई आली. अंगात रक्त कमी होतं. माझ्या तक्त्यात "दोन भाकरी" वाचून ती पदर तोंडाला लावून हसली. तिने फडक्यातून नाचणीची भाकरी काढून माझ्यापुढे ठेवली. वजन केलं तर पंच्याऐंशी ग्रॅम. त्याच आठवड्यात बोरी बुद्रुकच्या एका शेतकऱ्याची बाजरीची भाकरी भरली एकशे चाळीस. दोघांना मी एकच आकडा लिहून देत होतो. त्या दिवसापासून मी सांगायला लागलो, येताना घरची एक भाकरी घेऊन या. माझ्या खोलीला भाकरीचा वास यायचा तो त्यामुळे.

अण्णांची भाकरी एकशे तीस ग्रॅम. मी दोनाची दीड केली, भाताची वाटी बंद, मटकीची उसळ रोज, पालेभाजी रोज, जेवणात ताक. गूळ-साखर पूर्ण बंद. ताराबाईंनी प्रत्येक ओळ परत वाचून घेतली.

"सर, दीड म्हंजे दीडच ना? पावनेदोन न्हाई?"

"दीडच."

"मंग ह्यांच्या म्होरं तराजू ठिवते."

अण्णा हसत म्हणाले, "बघा सर, घरात आता वजनकाटा आला. उद्या मलाबी इकायला काढंल ही."

चौदा दिवसांनी दोघं परत आले. उपाशीपोटी साखर २४१. फक्त सात खाली. पट्टी काढली तर जखमेचा काळा भाग वाढलेला दिसत होता. डॉक्टरांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

आता जे लिहितो आहे ते लिहायला मला आवडत नाही. मी ताराबाईंना म्हणालो, "वहिनी, घरात कुठंतरी चुकतंय. स्वयंपाक तुमच्या हातात आहे. पंधरा दिवस फुकट गेले. अंगठा गेला तर कुणाला विचारायचं?"

त्या उठल्या, पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "सर, तुमीच या आन आमच्या चुलीम्होरं बसा. म्या दीडाच्या वर चतकोर दिला आसंल तर माझं नाव सांगू नका."

अण्णा मान खाली घालून बाहेर गेले. मी प्रश्न विचारण्यात तरबेज, पण त्या दिवशी अण्णांना विचारायचा प्रश्न मी ताराबाईंना विचारला. आमच्या धंद्यात ही नेहमीची खोड आहे. जेवणारा चुकला तरी स्वयंपाक करणारीकडे बोट जातं.

तिसऱ्या दिवशी मी स्कूटरने येडगावला गेलो. सकाळी साडेआठला त्यांच्या ओट्यावर बसलो. ताराबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, पण माझ्यासमोर दीड भाकरी तोलून त्यांनी अण्णांना वाढली. एकशे पंच्याण्णव ग्रॅम, बरोबर. अण्णा जेवले, टोपी घातली, पांढरा स्वच्छ सदरा घातला.

"कुठं निघालात?"

"कामाला. चला की संगं, स्कूटर हाये तर."

त्यांचं काम काय, हे मी दोन भेटींत विचारलंच नव्हतं. कागदावर "शेती" लिहिलं होतं. शेती मुलगा बघत होता. अण्णा लग्नं जमवायचे. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत कुणाच्या घरी उपवर पोरगी, कुणाचा पोरगा, कुणाचं मामाकडचं गोत्र काय, सगळं तोंडपाठ. पैसे घेत नसत. लग्नात फेटा बांधला की त्यांचं पोट भरे. "आत्तापतूर एकशे बारा जमिवली," ते मागे बसून सांगत होते, "मोडलं फकस्त एक, आन त्येबी पोराच्या आत्यापायी." दिवाळी झाली की त्यांचा हंगाम सुरू. पायाला पट्टी बांधून ते रोज चार-पाच घरं फिरत होते.

पहिल्या घरी चहा आला. दुसऱ्या घरी पोहे आणि चहा. तिसऱ्या घरी मुलगी दाखवायचा कार्यक्रम. शिरा, पेढा, चहा, निघताना परत चहा. मी फक्त पाणी घेत होतो आणि खिशातली वही काढून अण्णांचा प्रत्येक कप लिहीत होतो. गावाकडचा चहा म्हणजे पातेल्यात पाण्याबरोबरच साखर पडते, मग पावडर, मग दूध. कपाला तीन चमचे धरले तरी पंधरा ग्रॅम. पुढच्या दोन घरी आणखी तीन कप, म्हणजे चार वाजेपर्यंत अण्णांचे सात कप झाले. म्हणजे चहाची एकशे पाच ग्रॅम, पेढे दोन, शिरा एक बशी. दीडशे ग्रॅमच्या वर साखर. मोठी वाटी काठोकाठ.

परत येताना एका झाडाखाली थांबलो. अण्णा कपाळ पुसत म्हणाले, "सर, लई भूक लागली. सकाळच्या भाकरीपास्नं पोटात काय न्हाई."

ते थट्टा करत नव्हते.

"अण्णा, सात कप चहा झाला."

"चहा व्हय? चहा का खानं हाये?"

मी वही दाखवली. त्यांनी आकडे वाचले, वही परत दिली. "एवढी?"

"एवढी. ताराबाई चतकोर तोलतायत आणि तुम्ही बाहेर वाटीभर साखर पिताय. उद्यापासून चहा नको म्हणायचं."

"न्हाई जमायचं."

"का?"

"राव, तुमाला खान्याचं कळतं, लग्नाचं न्हाई कळत." मग त्यांनी मला समजावलं. आमच्याकडे तोंडावर नकार कुणी देत नाही. पोरीच्या बापाला "तुमची पोरगी नको" असं कोण सांगणार? म्हणून मध्यस्थ चहाचा कप तसाच ठेवतो. कप सरकवला की त्या घराला कळतं, स्थळ पसंत नाही. दोन्हीकडे अब्रू राहते. कप रिकामा केला म्हणजे बोलणं पुढे चालू. "मंग मी चहा सोडला तर मानसं काय समजतील?"

"बिनसाखरेचा मागा."

"पावन्यानं चहात साखर नको म्हनायचं? त्या बाईला वाटंल चहाला नावं ठेवतोय. आन चहा उकाळलेला आस्तो सगळ्यांचा एकत्र, त्यातनं साखर काय चिमट्यानं काढायची?"

मी त्यांना पायाकडे बघायला सांगितलं. अकरा दिवस उरले होते. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं. "बोरीच्या एका पोरीचं जमिवतोय," ते म्हणाले. "पोरगा आमच्या भावकीतला, तेहतीस वर्साचा. गुलाबाचं शेड हाये, कष्टाळू हाये, पर शेतकरी म्हनून तीन वर्सं पोरगी मिळंना. आत्ता कुटं जमत आलंय. तेवढं व्हऊ द्या."

"तोपर्यंत अंगठा थांबणार नाही."

शेवटी त्यांनी शब्द दिला. मी लगेच डॉक्टरांना फोन केला, कारण बाहेरची एवढी साखर बंद झाली की इन्सुलिनचा तोच डोस जास्त व्हायचा आणि माणूस चक्कर येऊन पडायचा. डोस कमी केला, अण्णांच्या खिशात फुटाण्याची पुडी ठेवायला सांगितलं, आणि चक्कर वाटलीच तर खायला दोन गोळ्या साखरेच्याच. अण्णा म्हणाले, "म्हंजे साखर खिशात चालती, कपात न्हाई."

आठ दिवसांनी ते एकटेच आले. साखर १८६. मी खूश होऊन आकडा वाचून दाखवला. अण्णा बाकड्यावरही बसले नाहीत.

"तुमच्या शब्दापायी बोरीचं लग्न मोडलं."

झालं होतं असं. अण्णा बोरीला पोरीच्या घरी गेले, पोरीच्या आईने चहा आणला, आणि अण्णांनी दिलेला शब्द पाळला. कप सरकवला. वर "माझं जरा पथ्य हाये" असंही म्हणाले, पण ते तर नकार देणारा प्रत्येक जण म्हणतो. पोरीचे वडील उठून गोठ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या मध्यस्थाला फोन केला.

"फोन करून खरं कारण सांगा की."

"क्येला. 'आता आसू द्या पावनं' म्हनले. त्यांना वाटलं मी सारवासारव करतोय." अण्णा पट्टीकडे बघून म्हणाले, "सर, उद्यापास्नं मी चहा पेनार. त्या पोराचं मी तीन वर्सं बगतोय. अंगठा गेला तर गेला, नऊ बोटं ऱ्हातील."

ते उगाच बोलणारे नव्हते. मी विचारलं, मी जाऊन सांगितलं तर? माझ्याकडे आलेल्या माणसाचा आजार मी दुसरीकडे बोलत नाही, म्हणून परवानगी हवी होती. अण्णा म्हणाले, "साखरंचं सांगा. पायाचं नगा सांगू. मानसं म्हनतील ह्याचं आता चालनं बंद झालं, ह्याला कशाला सांगायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोरीला गेलो. पोरीचे वडील किसनराव ओसरीवर कांद्याच्या रोपाच्या जुड्या बांधत होते. मी ओळख सांगितली.

"आहारतज्ज्ञ म्हंजे?"

"लोकांनी काय खावं ते सांगतो."

"आन लोक आईकत्यात?"

"क्वचित. अण्णांनी ऐकलं, तिथंच घोटाळा झाला."

ते हसले नाहीत. आतून चहा आला, काठोकाठ भरलेला, गोड वास येणारा. वीस वर्षांत मी कुणाच्या घरी साखरेचा चहा घेतला नव्हता. सांगणाऱ्याने पाळलं पाहिजे असा माझा नियम. किसनराव माझ्या कपाकडे बघत होते. मी कप उचलला आणि तळापर्यंत रिकामा केला. मग बोललो. अण्णांना मधुमेह आहे, दिवसाला सात कप होत होते, मी त्यांच्याकडून चहा सोडायचा शब्द घेतला, आणि त्यांनी तो नेमका तुमच्या घरी पाळला. स्थळाबद्दल त्यांच्या मनात काही नाही.

किसनराव जुडी बांधता बांधता थांबले. "मंग त्यांनी तवाच का न्हाई सांगितलं, साखर हाये म्हनून?"

"सांगितलं असतं तर आजारी मध्यस्थाला तुम्ही पुढच्या पोरीसाठी बोलावलं असतं?"

त्यांनी जुडी खाली ठेवली. दारात त्यांची मुलगी मनीषा उभी होती. तीच नवरी. ओतूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होती. ती वडिलांना म्हणाली, "दादा, ह्यात काय एवढं? चहा उकळताना साखर टाकायचीच नाही. अण्णांचा कप आधी काढायचा आन मग बाकीच्यांत साखर ढवळायची. अण्णा कप रिकामा करतील, कुणाला कळणारबी नाही."

इतकी वर्षं मी माणसाला "नको म्हणा" हेच शिकवत होतो. पातेल्यात साखर कधी पडते, हे बदलता येतं असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"आन दुसऱ्या घरी?" किसनराव म्हणाले.

"आमच्या बचत गटाचा ग्रुप आहे. पंधरा-वीस गावांतल्या बायका आहेत. टाकते त्यात." मग तिने विचारलं, "सर, पोहे चालतील ना त्यांना? का तेबी?"

पोहे अर्धी बशी, शेंगदाणे घालून, असं मी सांगितलं. निघताना किसनरावांनी मला स्कूटरपर्यंत सोडलं. "उजेड हाये तवर निगा," म्हणाले, "उसाच्या कडंनं बिबट्या फिरतोय." आणि मग, "अण्णांना सांगा, रविवारी या म्हनावं. चहाला."

अण्णा रविवारी बोरीला गेले आणि कप रिकामा करून आले. तिथून पुढे प्रत्येक घरात त्यांच्यासाठी पहिला कप निघू लागला. काही घरांत तर इतरही दोघं-तिघं "आमचाबी आधी काढा" म्हणू लागले, हे मला नंतर कळलं. ते कोण, हे मी विचारलं नाही.

चार आठवडे भरले तेव्हा उपाशीपोटी साखर १५८. जखमेच्या कडा लाल, ओल्या, जिवंत झाल्या होत्या. पण टोकाकडच्या काळ्या भागात जीव परत आला नाही. डॉक्टरांनी नखासकट अंगठ्याचं टोक काढलं. सुमारे दीड सेंटिमीटर. बाकी अंगठा राहिला, पाय राहिला. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, पहिले चौदा दिवस वाया गेले नसते तर? ते हात धुवत म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित टोकही राहिलं असतं." ते सांत्वन करणारे गृहस्थ नव्हते, म्हणून मी ते खरं धरतो.

फाल्गुनात लग्न झालं. अण्णा फेटा बांधून, पुढून उघड्या मऊ चपलेत, मांडवात जेवायला सगळ्यांना बसवत फिरत होते. त्यांचं ते एकशे तेरावं. मला आग्रहाने पहिल्या पंगतीला बसवलं, आणि माझ्या ताटात काय वाढतायत हे बघायला चार बायका उभ्या राहिल्या. मी जिलेबी घेतली, एक. एवढी प्रसिद्धी मला परत मिळाली नाही.

ताराबाई मांडवाच्या कडेला खुर्चीत बसल्या होत्या. लग्न जमल्यापासून त्या माझ्याशी बोलायला लागल्या होत्या, पण मोजून. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि खिशातून पाकीट काढलं.

"वहिनी, हे तीनशे रुपये. पहिल्या दोन भेटींची फी. त्या दोन्ही भेटींत मी विचारायला पाहिजे होतं ते विचारलं नाही, आणि दुसऱ्या भेटीत तुम्हाला बोललो. चूक माझी होती."

मला वाटलं त्या "राहू द्या सर" म्हणतील. त्यांनी नोटा हातात घेतल्या, मोजल्या, आणि विचारलं, "आन त्या दिसाचं यष्टीचं?"

"किती झालं होतं?"

"नारायणगावला गाडी बदलून ह्यांचं चाळीस, माझं अर्धं तिकीट, ईस. जाऊन येऊन एकशेईस."

मी हिशेब मनात पडताळला. बरोबर होता. एकूण चारशे वीस रुपये, रोख, ताराबाईंना दिले.